जुनी गाडी स्टार्ट होत नाही, पिकअप गेलाय? कार्बोरेटर खोलायच्या आधी या चुका टाळा

गाडी स्टार्ट झाली नाही की पहिला पाना कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) पडतो, ही सगळ्यात मोठी चूक. आपल्या इंदूरात, रामबागेत काय नि लोकमान्य नगरात काय, ज्यांच्याकडे आजोबांच्या वेळची अँबेसेडर किंवा फियाट ११०० अजून उभी आहे त्यांच्याकडे हेच चालतं. मिस्त्री येतो, "कचरा आलाय" म्हणतो, कार्बोरेटर खोलतो, जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) फुंकतो, त्याच बैठकीत प्लग बदलतो, पॉइंट (स्पार्कसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच) घासतो, टायमिंगपण (स्पार्कची वेळ) जरा हलवतो, आणि गाडी सुरू झाली तर कशाने झाली ते कोणालाच कळत नाही, नाही झाली तर आता एकाच्या जागी तीन बिघाड. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलायच्या आधी मोजा. बाकी सगळं यातूनच येतं.

सेल्फ जड फिरला की लोक थेट नवी बॅटरी आणतात. अहो आधी मल्टिमीटर लावा. फुल चार्ज बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. हे ठीक असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबावर आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या घासलेल्या, स्वच्छ लोखंडावर धरा, कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष अर्थिंगमध्ये. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून बॉडी आणि इंजिनमध्ये वेगळी अर्थची पट्टी लागते, आणि नवा रंग मारलेल्या गाड्यांत त्या पट्टीखाली पेंट राहून जातो. मग सेल्फ सगळा करंट ओढतो, स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला पुरेसे व्होल्ट उरत नाहीत, आणि गाडी धक्का मारला की लगेच सुरू पण सेल्फवर होत नाही. असं होत असेल तर कार्बोरेटरला हातसुद्धा लावू नका.

सेल्फ चांगला फिरतोय तरी स्टार्ट नाही? तर आठ-दहा सेकंद सेल्फ मारून एक प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, स्पार्कचं बघा. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाहीये. ही साधी तपासणी केली तरी अर्धा गोंधळ संपतो, आणि तरीही लोक कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओततात आणि सेल्फ मारतात! कृपा करून हे करू नका, बॅकफायर झाला तर आग सरळ तोंडावर येते.

अजून एक सवय म्हणजे स्टार्ट करायच्या आधी पाच-सहा वेळा ॲक्सिलरेटर पंप करणं. अँबेसेडरच्या एसयू जातीच्या कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंपच (पेडल दाबताच जास्तीचं पेट्रोल मारणारा) नसतो, बंद इंजिनवर पेडल कितीही दाबा, थेंबभर जास्त पेट्रोल जात नाही, तिथे चोकच ओढावा लागतो. ज्या कार्बोरेटरला पंप आहे तिथे उलट, गरम इंजिन अशाने फ्लड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन पेटतच नाही. आणि एसयूच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या तेलाच्या नळकांड्यात) तेल आहे का ते बघता का कधी? ते संपलं की पेडल दाबल्यावर गाडी आधी अडखळते आणि मग उचलते.

आता आपल्या उन्हाळ्याचा खास प्रॉब्लेम. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा, गाडी गरम झाली की बंद, अर्ध्या तासाने आपोआप सुरू. यात तीन जण संशयित असतात, कॉइल, कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा) आणि पेट्रोलच्या लाइनमधला व्हेपर लॉक (पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडणं), आणि तिघांचं लक्षण सारखंच दिसतं. चूक अशी की लोक गाडी थंड होऊ देतात, घरी आणतात आणि दुसऱ्या दिवशी तपासतात, तेव्हा सगळं ठीकच दिसणार. बंद पडली त्याच जागी, रस्त्याच्या कडेला, तपासा. प्लग काढून वायरीत घाला, प्लगची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवा (वायर रबरावरूनच धरा, आणि पेट्रोल सांडलेलं असेल तर ही तपासणी करूच नका) आणि सेल्फ मारा. निळा, कडक स्पार्क आला तर कॉइल-कंडेन्सर निर्दोष, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा, गाडी चालू झाली तर व्हेपर लॉक. स्पार्क पिवळट, मरतुकडा, आणि पॉइंट उघडताना तिथे मोठ्या ठिणग्या उडतायत, तर कंडेन्सर. स्पार्क अजिबात नाही तर आधी पॉइंटपर्यंत सप्लाय येतोय का ते टेस्ट लॅम्पने बघा, येत असेल तर कॉइलवर संशय घ्या. थोडं चालून बंद पडते पण गरमीशी संबंध दिसत नाही? तेव्हा टाकीचं झाकण उघडा, सूं करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं वेंट बंद आहे.

कॉइल घेताना प्रायमरीचा (कॉइलच्या दोन लहान टोकांमधल्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स मोजल्याशिवाय दुकानातून हलू नका. बॅलास्टवाली (बाहेरून वेगळा रेझिस्टर लागणारी) कॉइल दीड ओहमच्या आसपास असते, साधी तीनच्या आसपास. दीडवाली बॅलास्टशिवाय थेट १२ व्होल्टवर लावली की ती तापते, पॉइंट जळतात, आणि शिव्या पॉइंटला. नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर असंही समजू नका, जुना चालणारा असेल तर डिकीत ठेवा.

पिकअप गेल्याची तक्रार बहुतेक भेरूघाटात कळते, सपाटीवर चालते आणि चढाला दम सोडते. लगेच "रिंगा गेल्या, इंजिन काढा" ऐकू नका. आधी कोणालातरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बघा थ्रॉटल (कार्बोरेटरमधली पेडलने उघडणारी झडप) पूर्ण उघडतो का, मॅटमुळे किंवा ढिल्या केबलमुळे बरेचदा उघडतच नाही. सपाटीवर न्यूट्रलमध्ये हाताने ढकला, जड गेली तर ब्रेक चिकटलेत. चढावर इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग नाही, तर क्लच. मग पॉइंटचा गॅप, ल्युकस डिस्ट्रिब्युटरला ०.०१४ ते ०.०१६ इंच, आणि व्हॅक्युम ॲडव्हान्सचा (इंजिनच्या व्हॅक्युमने स्पार्कची वेळ पुढे आणणाऱ्या भागाचा) डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा, फाटलाय का ते. व्हॅक्युम गेज लावत असाल तर लक्षात ठेवा, पुस्तकातले १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे, इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, इथे दोनेक इंच कमी येणारच. काटा स्थिर आहे ना, ते बघा.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) सगळ्यात शेवटी, इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग खोटंच कमी येतं आणि त्यावर लोक इंजिन खोलतात, हे बघून खरंच जीव तुटतो. रीडिंग कमी आलं तर चमचाभर तेल टाकून परत घ्या, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर कमी, तर हेड गॅस्केट.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं, म्हणून डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका. पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉल चालणारे घ्या, मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जास्त) करा कारण इथेनॉलने ते लीन (पेट्रोल कमी) होतं, आणि महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत शिळं पेट्रोल राहू देऊ नका.

आणि वैतागून दुसरं इंजिन टाकायचा विचार असेल तर थांबा. २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात लागते, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. एका फाटक्या डायफ्रॅमपायी तो हक्क घालवू नका.