उत्तर चुकवता येणार नाही असा प्रश्न: मुंबई महापालिकेतील नगरसेवकांसाठी

"माझ्या प्रभागातील नालेसफाई समाधानकारक का होत नाही?" असा प्रश्न लावला, तर उत्तर ठरलेलं असतं: "नालेसफाईचे काम प्रगतिपथावर आहे." उत्तर खोटं नसतं, पण त्यातून काहीच हाती लागत नाही. दोष प्रशासनाइतकाच प्रश्नाचाही आहे. 'समाधानकारक' हा शब्द मोजता येत नाही आणि 'का' विचारलं की मत सांगून सुटता येतं. प्रश्नात तारीख, जागा, परिमाण आणि कागद मागितला, की उत्तर लिहिणाऱ्या अभियंत्याला फाइल उघडावीच लागते.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. त्यामुळे २२७ प्रभागांतून निवडून आलेल्यांपैकी अनेकांना ही पद्धत नव्याने शिकायची आहे. खाली सांगितलेलं मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ ला धरून आहे. ठाणे, पुणे, नाशिक अशा इतर महापालिका १९४९ च्या अधिनियमाखाली चालतात. तिथल्या मुदती वेगळ्या असू शकतात, म्हणून नगरसचिवांकडून नियमांची प्रत घ्या. प्रश्न बांधायची रीत मात्र सगळीकडे सारखीच.

आधी हत्यार निवडा

लेखी प्रश्नाचा हक्क कलम ६६ अ मध्ये आहे. प्रश्न आयुक्तांना उद्देशून लिहायचा आणि महापालिका चिटणीसांकडे पूर्ण सात दिवस आधी द्यायचा. 'पूर्ण' म्हणजे सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस मोजायचा नाही. सभा २० तारखेला असेल तर प्रश्न १२ तारखेपर्यंत चिटणीस खात्यात पोचला पाहिजे. १३ ला दिलेला प्रश्न मुदतीबाहेर जातो. नव्या सदस्यांचे प्रश्न बहुतेक वेळा इथेच अडकतात. प्रत देताना आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या. पोच नसेल तर नंतर काही सिद्ध करता येत नाही.

विषय तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा असेल तर ६६ ब अन्वये चर्चा मागता येते. त्यासाठी सहकारी सदस्यांच्या पाठिंब्याच्या सह्या लागतात आणि सूचना किमान ४८ तास आधी द्यावी लागते. सकाळीच जलवाहिनी फुटली, इमारतीचा भाग कोसळला, असं काही घडलं तर ६६ क आहे. सभा सुरू होण्याच्या किमान एक तास आधी सूचना देऊन आयुक्तांचं निवेदन मागायचं. निवेदनावर तिथल्या तिथे चर्चा होत नाही, म्हणून जे हवं आहे ते सूचनेतच लिहा: किती वाजता घडलं, पुरवठा कधी सुरू होईल, तोवर टँकर किती.

ठरावाच्या सूचनेवर फार विसंबू नका. सभागृहाने ती मंजूर केली तरी आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते, आणि अभिप्राय परत येईपर्यंत पुष्कळ महिने जाऊ शकतात. धोरण बदलायचं असेल तर ती योग्य आहे, गल्लीतला दिवा लावून घ्यायला नाही. दिवा, फुटकी लादी, तुंबलेलं गटार हे विषय प्रभाग समितीचे. तिथे सहायक आयुक्त आणि विभागाचे अभियंते समोर बसलेले असतात. हरकतीचा मुद्दा मुळात कामकाजाच्या नियमांसाठी असला तरी त्याचा वापर विषय मांडण्यासाठी सर्रास होतो. पण त्यावर हमखास लेखी उत्तर मिळतंच असं नाही. लेखी उत्तर हवं असेल तर ६६ अ वापरा.

प्रश्न कशामुळे फेटाळला जातो

प्रश्नात युक्तिवाद, उपरोध, आरोप, विशेषणं नकोत. गरज नसताना कुणाचं नाव नको. मत विचारायचं नाही, "समजा असं झालं तर" असंही विचारायचं नाही. न्यायालयात चालू असलेला विषय, आधी उत्तर मिळालेला प्रश्न, सहज उपलब्ध कागदात असलेली माहिती, फार जुना इतिहास आणि महापालिकेच्या अखत्यारीबाहेरची बाब यांवरचा प्रश्न महापौर नाकारू शकतात.

अखत्यारीची बाब मुंबईत फार गुंतागुंतीची आहे. एकाच रस्त्यावर महापालिका, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हाडा, रेल्वे, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण अशा पाच जणांची हद्द लागू शकते. शिवाय ती बदलतेही. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले, म्हणजे त्यावरच्या खड्ड्याचा प्रश्न आता इथेच लावायचा. रेल्वे हद्दीतल्या नाल्याबद्दल विचारायचं असेल तर रेल्वेने काय केलं हे विचारू नका. महापालिकेने रेल्वेला त्या कामासाठी किती रक्कम दिली, कधी दिली आणि संयुक्त पाहणी कोणत्या तारखेला झाली, हे विचारा. तो महापालिकेचाच व्यवहार आहे, त्यामुळे अखत्यारीबाहेर म्हणून टाळता येत नाही.

न्यायप्रविष्ट बाबींचंही असंच. मिठी नदीतल्या गाळ उपशाबाबत पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. गाळ टाकायच्या जमिनींचे करारच बनावट असल्याचा आरोप त्यात आहे. त्या प्रकरणात कोण दोषी असं विचारलं तर प्रश्न बाद होईल. मात्र यंदाच्या कामात गाळ कोणत्या गावी, कोणत्या जमिनीवर टाकला आणि जमीनमालकाची संमती कुणी तपासली, हे विचारायला काही आडकाठी नाही. विचारलंच पाहिजे.

प्रश्न बांधायची रीत

लिहायला बसण्याआधी जागेवर जा. परिरक्षण खात्याच्या कनिष्ठ किंवा दुय्यम अभियंत्याला बरोबर घ्या. तारीख-वेळ उमटलेली छायाचित्रं काढा, जवळची ठळक खूण लिहा. रहिवाशांनी महापालिकेच्या १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर नोंदवलेल्या तक्रारींचे क्रमांक गोळा करा. प्रश्नात पाच तक्रार क्रमांक असले की "तक्रार प्राप्त झालेली नाही" हे उत्तर देता येत नाही. मग खातं ठरवा. पावसाळी नाला पर्जन्य जलवाहिन्या खात्याचा, मैलावाहिनी मलनिःसारणाची, पाण्याचा दाब जलअभियंत्यांचा, कचरा घनकचरा व्यवस्थापनाचा. एका प्रश्नात दोन खाती मिसळलीत, तर प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं आणि उत्तर रखडतं. दोन वेगळे प्रश्न करा.

आता सुरुवातीचा नालेसफाईचा प्रश्न पुन्हा लिहू:

"अमुक प्रभागातील अमुक नाल्याच्या, अमुक पुलापासून अमुक चौकापर्यंतच्या भागाबाबत: (अ) यंदा पावसाळ्यापूर्वी किती मेट्रिक टन गाळ काढायचे कंत्राटात ठरले आहे व दि. ३० एप्रिलपर्यंत किती काढला? (आ) त्यासाठी वाहनांच्या किती फेऱ्या झाल्या? वाहन क्रमांक व वजनकाट्याच्या पावत्यांसह तारीखवार तक्ता द्यावा. (इ) गाळ कोणत्या ठिकाणी टाकला? (ई) कामाची तपासणी कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने, कोणत्या तारखांना केली? (उ) कंत्राटदारास दंड केला असल्यास रक्कम व कारण काय?"

इथे आरोपाचा एक शब्द नाही. पण फेऱ्या आणि टन यांचा भागाकार केला की एका ट्रकवर किती वजन दाखवलंय ते कळतं. ते वाहनाच्या क्षमतेपेक्षा जास्त निघालं, तर पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो. उपविभाग पाचापेक्षा जास्त करू नका. दहा केले की नेमका अडचणीचा भाग वगळून बाकीच्यांची उत्तरं येतात आणि ते ध्यानातही येत नाही.

वेळेचाही विचार हवा. नालेसफाईचा प्रश्न जूनमध्ये लावून उपयोग नाही, कारण मुख्य काम ३१ मेपर्यंत संपवायचं असतं. फेब्रुवारीत कंत्राटाबद्दल विचारा, एप्रिल-मे मध्ये प्रगतीबद्दल. अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्थायी समितीपुढे येतो, म्हणून तरतूद किती आणि खर्च किती झाला हा प्रश्न नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लावला तरच पुढच्या तरतुदीवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

रस्त्यांच्या बाबतीत एकच गोष्ट आधी विचारा: दोषदायित्व कालावधी कोणत्या तारखेपर्यंत आहे? तो चालू असेल तर खड्डा कंत्राटदाराने स्वखर्चाने भरायचा असतो. मग विचारा की त्या रस्त्यावर महापालिकेच्या पैशातून खड्डे भरले का, आणि किती.

दूषित पाण्याबद्दल "पाणी शुद्ध आहे काय" असं विचारू नका. अमुक तीन महिन्यांत प्रभागातून किती नमुने घेतले, किती पिण्यास अयोग्य निघाले, कोणत्या पत्त्यांवरचे, गळती कुठे सापडली, दुरुस्तीनंतर फेरनमुना कोणत्या तारखेला घेतला आणि निकाल काय, असं विचारा. फेरनमुन्याची तारीख हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. दुरुस्ती झाली असं लिहिणं सोपं, पण फेरनमुन्याशिवाय ती यशस्वी झाली असं म्हणता येत नाही. लहान मुलं ज्या नळाचं पाणी पितात त्याबद्दल एवढी चिकाटी दाखवायलाच हवी.

वस्तीतल्या शौचालयांसाठी मापदंड तयार आहे. स्वच्छ भारत अभियानात सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ महिलांमागे एक आसन धरलं आहे. वस्तीची लोकसंख्या, एकूण आसनं, त्यांपैकी बंद असलेली, महिलांसाठीची, आणि पाण्याची व विजेची जोडणी आहे की नाही, एवढं विचारा. मापदंड प्रश्नातच नमूद करा, म्हणजे तूट किती हे उत्तर देणाऱ्यालाच लिहावं लागेल.

नगरसेवकांच्या कामाचा लेखाजोखा मांडणाऱ्या प्रजा फाउंडेशनच्या अहवालांत रस्ते-चौकांच्या नामकरणाचे प्रश्न फार मोठ्या संख्येने असल्याचं पुन्हा पुन्हा दिसलं. नामकरण होऊ द्या, पण सभेचा वेळ मर्यादित आहे. तुमच्या प्रभागात शौचालयाला पाणी नसेल तर तो प्रश्न आधी जायला हवा.

उत्तर आल्यावर

"माहिती संकलित करण्यात येत आहे" असं आलं तर उपप्रश्नात फक्त तारीख मागा आणि ती इतिवृत्तात नोंदली जाईल हे पाहा. "आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल" याला उपप्रश्न: कोणत्या पदावरचा अधिकारी, कोणत्या तारखेपर्यंत? "प्रश्न उद्भवत नाही" हे उत्तर आधीच्या उपविभागाला 'नाही' म्हटल्यामुळे येतं. ते टाळायला "असल्यास" ऐवजी "किती" वापरा. "दंड केला असल्यास" म्हणालात तर 'नाही' आणि पुढे शून्य. "किती रकमेचा दंड केला, न केल्यास कारण काय" म्हणालात तर दोन्हीकडून उत्तर मिळतं. वरच्या नमुन्यातला (उ) भाग याच कारणाने कच्चा आहे. तो लावताना असा सुधारून घ्या.

उपप्रश्न दोनच तयार ठेवा, तेही लिहून. सभागृहात भाषण सुरू केलं की अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागत नाही.

उत्तराची प्रत घेऊन पुन्हा जागेवर जा. तफावत दिसली तर छायाचित्रासह सहायक आयुक्तांना पत्र द्या, प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना. तोच प्रश्न पुन्हा लावता येत नाही, पण पुढचा टप्पा विचारता येतो: "दि. अमुकच्या उत्तरात नमूद केलेली मुदत पाळली गेली काय, नसल्यास विलंबाची जबाबदारी कोणत्या पदावर निश्चित केली?" यासाठी वही ठेवा. आवक क्रमांक, सभेची तारीख, उत्तरातली मुदत आणि प्रत्यक्ष पाहणीची तारीख असे चार रकाने पुरतात.

रहिवाशांनाही यात काम आहे. नगरसेवकाकडे जाताना एका पानावर जागा, तक्रार क्रमांक आणि नेमका हवा असलेला आकडा लिहून न्या. कंत्राटाची प्रत किंवा कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करायला दिलेला आदेश) माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून आधीच मागवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून सभेच्या दीड महिना आधी अर्ज टाका. कार्यादेश हातात आला की त्याचा क्रमांक प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत घालायला नगरसेवकाला सांगा.