लिंक्ड लिस्ट शिकवताना बाकांचे नंबर वापरा

लिंक्ड लिस्ट म्हणजे नोड्सची साखळी: प्रत्येक नोडमध्ये एक मूल्य आणि पुढच्या नोडचा पत्ता. मधे नवा नोड घालताना निम्मा वर्ग पुढची अख्खी लिस्ट हरवून बसतो. फळ्यावर बाण काढून हे डोक्यात शिरत नाही.

१. पाच जणांना वर्गभर विखरून बसवा. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने एक संख्या आणि पुढच्याचा बाक नंबर. शेवटच्याकडे ‘नल’, म्हणजे पुढे कुणी नाही. फळ्यावर फक्त पहिल्याचा बाक, तो हेड.

२. सहावा, म्हणजे मधे घालायचा नवा नोड, २२ नंबरच्या बाकावर; त्याच्या चिठ्ठीवर अजून फक्त संख्या. त्याच्या आधी येणाऱ्याला चिठ्ठीतला पुढच्याचा बाक, समजा १४, खोडून २२ लिहू द्या, मुद्दाम. आता चिठ्ठ्या वाचत पुढे जायला सांगा. २२ वर गाडी अडते, आणि १४ वरचा बिचारा बसून राहतो!

३. आता बरोबर क्रम: नव्याने आधी १४ उतरवून घ्यायचा, मगच जुन्याने खोडायचं.

एकाच रांगेत ओळीने मात्र बसवू नका, मुलं त्याला ॲरे (सलग जागांवर ठेवलेली यादी) समजतात.