रक्तातील बुरशीसंसर्गाची गणती कशी करावी

मुंबईतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात कॅन्डिडा या बुरशीच्या रक्तसंसर्गाची गणती सुरू करायची असेल, तर आधी व्याख्या पक्की करावी. ब्लड कल्चरमध्ये (रक्ताचा नमुना बाटलीत ठेवून जंतू वाढवण्याच्या तपासणीत) कॅन्डिडा एकाच बाटलीत वाढली, तरी ती बाहेरून नमुन्यात मिसळली असे समजून सोडू नये, आणि त्याच रुग्णाचे पुढच्या ३० दिवसांतले नमुने नवा संसर्ग म्हणून धरू नयेत. दाखल झाल्यानंतर ४८ तास उलटून घेतलेला नमुना साधारणपणे रुग्णालयातल्या संसर्गात मोडतो. भाजक म्हणून रुग्णदिवस, म्हणजे सगळ्या रुग्णांनी दाखल राहून काढलेल्या दिवसांची बेरीज, घ्यावेत; १०,००० रुग्णदिवसांत ६ संसर्ग आढळले, तर दर हजारी ०.६ येतो.

प्रजातीची ओळख पटवण्यात मात्र कसूर नको, कारण खरी मेख तिथेच आहे. भारतात कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस पुष्कळ आढळते, तर २००९ मध्ये जपानमधून प्रथम वर्णिलेली कॅन्डिडा ऑरिस जुन्या यंत्रांवर अनेकदा दुसऱ्याच नावाने निघते आणि फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला बहुधा दाद देत नाही. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) घातल्याची तारीख ड्रेसिंगच्या पट्टीवर पेनाने लिहिलेली असते. ती पुसट होण्याआधी नोंदवहीत उतरवावी. कल्चरमधून सुमारे निम्मे रुग्ण निसटतात, म्हणून आकडा लहान दिसला तरी निर्धास्त राहू नये.