मोंद्रियानचं 'लाल झाड' तैलरंगात उतरवताना

पीट मोंद्रियान म्हटलं की काळ्या रेषा आणि लाल-पिवळे-निळे चौकोन आठवतात. तिथवर तो कसा पोहोचला हे हाताला कळायचं असेल, तर 'संध्याकाळ : लाल झाड' (१९०८-१०) रंगवून पाहा. याच काळात नेदरलँड्समधल्या डोम्बर्गला तो प्रतीकवादी चित्रकार यान तोरोपच्या सहवासात आला आणि १९०९ मध्ये दृश्य जगामागचं आध्यात्मिक सत्य शोधणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. इथला लाल म्हणजे झाडावर पडलेलं ऊन, असं धरून रंगवलं की चित्र फसतं. तो झाडाच्या आतून यायला हवा. म्हणून एक बाजू उजेडाची, दुसरी सावलीची, असं करू नका.

मूळ चित्र ७० × ९९ सें.मी. आहे, १४ × २० इंचांचा कॅनव्हास साधारण निम्मा होतो. जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या. वाळल्यावर टर्पेंटाईनने पातळ केलेला अल्ट्रामरीन लावून फडक्याने पुसा. रेखाटन २ नंबरच्या गोल ब्रशने, त्याच पातळ निळ्यात. फांद्यांपेक्षा फांद्यांमधल्या मोकळ्या जागांचे आकार मोजा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जाऊ द्या, कारण मोंद्रियानच्याच १९११ च्या 'करडं झाड' या चित्रात याच जागा फांद्यांइतक्या वजनदार झाल्या.

पॅलेटवर अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, कॅडमियम रेड, अलिझरीन क्रिमझन, थोडा कॅडमियम ऑरेंज आणि टायटॅनियम व्हाइट पुरेत. तपकिरी आणि काळा नकोच. गडद छटा अल्ट्रामरीन आणि क्रिमझनमधून मिळते.

आधी आकाश. ६ नंबरचा चपटा ब्रश, आखूड फटकारे, आणि फांदीच्या रुंदीची पट्टी मोकळी. ओल्या निळ्याला लाल टेकला की जांभळा चिखल होतो, म्हणून दोन-तीन दिवस थांबा. पावसाळ्यात आठवडाही लागतो. मग लालात जवसाचं तेल किंचित जास्त घ्या. लाल उजळायला पांढरा घातला तर गुलाबी होतो, ऑरेंज घाला. फटकारा ठेवला की ब्रश उचला, पुन्हा त्यावरून फिरवू नका.

लाल आणि निळा सारखेच उजळ असतील तिथे कड थरथरते. फोनवर कृष्णधवल फोटो काढलात की अशा जागी फांदी आकाशात विरलेली दिसते. टोकांशी ते शोभतं. खोडही विरत असेल तर त्यात गडद निळे फटकारे वाढवा. जमिनीतही लालसर फटकारे हवेत, नाहीतर झाड वरून चिकटवल्यासारखं दिसतं.

वाळलेला कॅडमियम पॉलिश पेपरने घासू नका, त्याची धूळ विषारी असते. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी.