एफवायला सहसंबंध शिकवताना सूत्र थोडं थांबू द्या

एफवायच्या संख्याशास्त्र प्रॅक्टिकलला मी सहसंबंध गुणांकाची (दोन राशींचं नातं सरळ रेषेच्या किती जवळ आहे हे सांगणाऱ्या आकड्याची) सुरुवात फ्रान्सिस अँस्कम यांनी 1973 साली दिलेल्या चार आकडेसंचांनी करते. नव्याने शिकवायला लागलेल्यांनी हे जरूर करून पाहावं.

बॅचचे चार गट करा, प्रत्येकाला एकच संच द्या. प्रत्येक संचात क्ष आणि य यांच्या किमतींच्या अकरा जोड्या असतात. मुलं कॅल्क्युलेटरवर हिशेब करतील. उत्तरं फळ्यावर लिहून घ्या: क्षची सरासरी 9, यची 7.5, सहसंबंध सुमारे 0.82, बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी रेषा य = 3 + 0.5क्ष. चारही गटांचं उत्तर तेच! इथे घाई करू नका, मुलांना आपसांत बोलू द्या. मग आलेखाचे कागद वाटा.

पहिल्या संचात बिंदू रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात स्पष्ट वक्र. तिसऱ्यात एक बिंदू सोडला तर बाकीचे जवळजवळ सरळ रेषेत. खरा वेळ चौथ्यावर द्या. तिथे दहा बिंदूंचा क्ष 8 आहे आणि एकट्याचा 19. तो एक बिंदू खोडून गुणांक पुन्हा काढायला सांगा. क्षचं प्रमाण विचलन, म्हणजे किमतींच्या पसरणीचं माप, शून्य होतं, सूत्राच्या छेदात शून्य येतं, गुणांक निघतच नाही. म्हणजे ते 0.82 एकाच बिंदूवर उभं होतं, हे मुलं स्वतःच्या हाताने शोधतात.

सूत्राची सिद्धता पुढच्या तासाला घ्या. जर्नलमध्ये मात्र आलेखाशिवाय गुणांक असेल तर सही करू नका. मी करत नाही.