गोष्टीतल्या बीपासून मुलाच्या स्वतःच्या पुस्तकापर्यंत: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत घरी काय आणि कसे करावे

तीन ते सहा वर्षांच्या मुलासोबत घरी वेळ घालवायचा, तर एक पुस्तक आणि त्या पुस्तकातूनच निघणारे एखादे हातकाम एवढी तयारी पुरेशी असते. वाचन वेगळे, चित्रकला वेगळी, प्रयोग वेगळा असे तुकडे केले, की प्रत्येक काम अर्ध्या तासात आटोपते आणि मूल ‘आता काय करू?’ म्हणून पुन्हा समोर येऊन उभे राहते. उलट गोष्टीतली वस्तू मुलाच्या हातात आली आणि हातातल्या वस्तूची पुन्हा गोष्ट झाली, तर तेच काम आठवडाभर पुरते आणि मूल त्याविषयी आपणहून बोलू लागते. म्हणून येथे बी आणि रोप हा एकच विषय घेऊन, पुस्तक निवडण्यापासून मुलाचे स्वतःचे पुस्तक तयार होईपर्यंतचा क्रम दिला आहे. विषय बदलला तरी क्रम हाच ठेवता येतो.

पहिली पायरी: पुस्तक निवडणे

पुण्यात पुस्तके घ्यायला अप्पा बळवंत चौकात जाण्याची रीत जुनीच आहे. मात्र शाळा सुरू होण्याच्या दिवसांत तेथे लहान मुलाला नेऊ नये, कारण त्या गर्दीत त्याला पुस्तक हातात धरून पाहायला मिळत नाही. एरवीच्या एखाद्या सकाळी जावे, बी, झाड, बाग, शेत अशा विषयांची तीन-चार चित्रपुस्तके काढून द्यायला सांगावे आणि त्यांतले एक मुलालाच निवडू द्यावे. दर पानावर मोठे चित्र आणि फार तर तीन-चार ओळी असाव्यात, वाक्ये घरात बोलल्यासारखी असावीत आणि चित्रात मजकुरापेक्षा काहीतरी जास्त घडत असावे. शेवटी तात्पर्य चिकटवलेली पुस्तके या वयासाठी मी घेणार नाही. गोष्ट रंगात आलेली असताना उपदेश सुरू झाला, की मुलाचे लक्ष उडते.

ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके आणि नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही माला अवश्य पाहावी. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर २०१५पासून सचित्र गोष्टी विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांत मराठी गोष्टीही पुष्कळ असून त्या वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या असल्यामुळे निवड सोपी जाते. तरीही पान उलटण्याचा, मागे जाण्याचा आणि चित्रावर बोट ठेवण्याचा आनंद कागदावरच मिळतो, म्हणून पहिले पुस्तक छापील असावे.

दुसरी पायरी: वाचून दाखवणे

साऱ्या क्रमात सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि घाईही नेमकी येथेच होते. मुलाला मांडीवर किंवा शेजारी असे बसवावे, की दोघांनाही चित्र सरळ दिसेल. आधी मुखपृष्ठ निवांतपणे पाहावे, मग पहिले वाचन मध्ये न थांबता पूर्ण करावे, कारण गोष्ट कोठे जाते हे मुलाला आधी कळायला हवे. प्रश्नांची वेळ दुसऱ्या वाचनात येते. ‘हा रंग कोणता?’, ‘पाने किती?’ असे परीक्षेचे प्रश्न विचारू नयेत. ज्याचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही असे काहीतरी विचारावे. बी मातीखाली असलेल्या पानावर बोट ठेवून नुसते थांबले, तरी मूल बोलते. ‘ती झोपली आहे,’ असे ते म्हणाले, तर ‘झोपलेली नाही, रुजते आहे,’ अशी दुरुस्ती न करता ‘झोपली आहे होय? मग तिला उठवणार कोण?’ असे विचारावे. पाणी, ऊन, गांडूळ, आजी असे काहीही उत्तर येईल आणि पुढच्या पायरीची सुरुवात तेथूनच करता येईल.

तेच पुस्तक मूल पुन्हापुन्हा वाचायला सांगत असेल, तर न कंटाळता वाचावे. ओळी पाठ झाल्यावर मूल पान उलटण्याआधीच पुढचे शब्द म्हणू लागते आणि वाचनाची ओढ तेथूनच लागते. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांनी आपल्या बोलीत, आपल्या हेलात वाचावे. अक्षरओळखीचा तास मात्र या वेळी घेऊ नये.

तिसरी पायरी: अळीव पेरणे

या वयाच्या मुलाला फार वाट पाहता येत नाही, म्हणून लवकर उगवणारे बी घ्यावे. डिंकाच्या लाडवांसाठी घरात आणलेले अळीव याला उत्तम. ते एक-दोन दिवसांत रुजते आणि पाच-सहा दिवसांत चांगली हिरवळ दिसते. एका पसरट वाटीत कापसाचा पातळ थर किंवा बोटभर माती घ्यावी, ती मुलाकडून ओली करून घ्यावी आणि चिमूटभर अळीव वर भुरभुरावे. येथे दोन मिनिटे थांबून पाहावे: पाणी लागताच प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण तयार होते. मुलाला त्यावर बोट फिरवू द्यावे आणि कसे लागते ते त्याच्याच शब्दांत सांगू द्यावे.

अशा दोन वाट्या कराव्यात. एक खिडकीत ठेवावी, दुसरी कपाटात बंद करून ठेवावी आणि दोन्हींत रोज चमच्याने किंवा फवाऱ्याने थोडेच पाणी घालावे; पाणी साचले तर बी कुजते. चार-पाच दिवसांनी कपाटातली रोपे उंच, लुळी आणि पिवळट झालेली दिसतात, तर खिडकीतली हिरवी असून उजेडाकडे कललेली असतात. खिडकीतली वाटी उलट दिशेला वळवून ठेवली, की रोपे पुन्हा उजेडाकडे वळतात. कारण आधी सांगून टाकू नये. मुलाचा तर्क ऐकून घ्यावा आणि मगच उजेडाचे बोलावे.

चौथी पायरी: बी उगवेपर्यंतचे हातकाम

मधल्या दिवसांत ठसेकाम आणि मातकाम करता येते. भेंडी आडवी कापली, की चांदणीसारखा ठसा उमटतो आणि तिच्या कप्प्यांत बियाही दिसतात, म्हणून या विषयाला भेंडीच योग्य. मातकामासाठी दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे साधारण वाटीभर पाणी घालून गोळा मळावा; पिवळा रंग हवा असल्यास हळद घालावी. या गोळ्यात मीठ फार असते, म्हणून तो खाण्याचा नाही हे मुलाला आधीच सांगावे. चिकटकामासाठी बाजारचा गोंद नसला तरी चालतो. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळला, की खळ तयार होते.

वस्तू तोंडात किंवा नाकात घालण्याची सवय असलेल्या मुलाला मटार, हरभरा, चिंचोके अशी बी हाताळायला देऊ नये. नाकात गेलेले कडधान्य ओलाव्याने फुगते आणि काढायला डॉक्टरांकडेच जावे लागते.

एखाद्या सकाळी मंडईची फेरीही जरूर करावी. घरून निघताना वांगे, दुधी, मका आणि घेवडा अशा चार भाज्यांची चित्रे एका कागदावर काढून द्यावीत आणि त्या शोधून खूण करण्याचे काम मुलाकडे सोपवावे. घरी आल्यावर त्या चिरून कोणाच्या पोटात किती आणि कशी बी आहे ते पाहावे.

पाचवी पायरी: घडीचे पुस्तक

ए-फोर आकाराचा कोरा कागद आडवा ठेवावा. आधी खालची कड वरच्या कडेवर आणून तो दुमडावा आणि उघडावा. मग डावी कड उजवीवर आणून निम्मा आणि पुन्हा त्याच दिशेने निम्मा दुमडून उघडला, की आठ सारखे भाग दिसतात. आता डावी कड उजव्या कडेवर आणून एकदाच दुमडावा आणि घडीच्या बाजूने, मधल्या आडव्या रेषेवर, पुढच्या उभ्या रेषेपर्यंतच कात्री चालवावी. हे काम मोठ्यांनी करावे. कागद उघडला की बरोबर मध्ये चीर दिसते. तो पुन्हा लांबट दुमडून, चीर वर ठेवून, दोन्ही टोके एकमेकांकडे ढकलावीत. चिरेच्या जागी फुली तयार होते आणि ती एका बाजूला मिटवली, की मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आत सहा पृष्ठे असे पुस्तक हाती येते.

आतल्या पृष्ठांवर मुलाने अळिवाची रोजची अवस्था काढावी आणि ते सांगेल ती ओळ मोठ्यांनी चित्राखाली लिहावी. ओळ त्याच्याच शब्दांत राहावी: ‘आज त्याने डोके बाहेर काढले’ असे ते म्हणाले, तर ‘आज अंकुर फुटला’ असे लिहू नये. मुखपृष्ठावर लेखक म्हणून त्याचे नाव घालावे आणि पुस्तक इतर पुस्तकांच्याच रांगेत, त्याचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवावे.

हा क्रम दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्यालाही लागू पडतो. आधी किल्ल्याचे एखादे चित्रपुस्तक वाचावे, मग विटा आणि गोणपाट रचून त्यावर मातीचा चिखल लिंपावा. लक्ष्मीपूजनाला किल्ल्यावर हिरवळ हवी असेल, तर अळीव पाच-सहा दिवस आधीच पेरावे आणि पाणी ओतण्याऐवजी शिंपडावे, म्हणजे उतारावरची माती वाहून जात नाही.