विंडोज ११ वर जाताना जुन्या सॉफ्टवेअरचे घोळ: या चुका टाळा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैसे भरून ईएसयू (मुदतीनंतरचे सुरक्षा अपडेट) घेतलेल्या कंपन्यांना अजून सवड आहे, पण तीही जास्तीत जास्त तीन वर्षांची आणि दर वर्षी दुप्पट दराने. ठाणे-नवी मुंबईकडच्या वागळे इस्टेट, महापे, रबाळे, तुर्भे इथल्या लहान-मध्यम ऑफिसांत मशीन बदलण्याचं काम म्हणूनच सध्या जोरात आहे. वर्ड, एक्सेल, क्रोम यांची काळजी करू नका, ते चालतात. अडतं ते पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी व्हीबीमध्ये (व्हिज्युअल बेसिक या जुन्या भाषेत) लिहून दिलेल्या स्टॉकच्या प्रोग्रामवर, वजनकाट्यावर, हजेरीच्या मशीनवर, आणि ज्याचा प्रोग्रामर आता फोन उचलत नाही अशा पेरोलवर.

"उघडलं ना? मग चालतंय"

सगळ्या घोळांची सुरुवात इथून होते. टेक्निशियन डबल-क्लिक करतो, लॉगिनची खिडकी येते, यादीत टिक पडते. लॉगिनची खिडकी जवळपास नेहमीच येते. सेव्ह, प्रिंट, एक्सपोर्ट, डिजिटल सही हे पुढचे टप्पे अडतात. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरवर एक काम शेवटपर्यंत न्यायचं: चलान बनवायचं, सेव्ह करायचं, बाहेर पडून पुन्हा उघडायचं, छापायचं, आणि छापलेला कागद जुन्या कागदाशेजारी ठेवून बघायचा. हे टेक्निशियनने करायचं नाही. जो क्लार्क रोज ते काम करतो त्यानेच करायचं, कारण तिसऱ्या स्क्रीनवर एफ ७ दाबावं लागतं हे त्यालाच ठाऊक असतं.

सॉफ्टवेअरची यादीही कंट्रोल पॅनेलवरून काढू नका. तिथे नुसतं काय इन्स्टॉल आहे ते दिसतं, कधी लागतं ते दिसत नाही. यादी कॅलेंडरवरून करा. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी, तिमाहीला टीडीएस रिटर्नची जावावर चालणारी युटिलिटी, मार्चअखेरीला स्टॉकचं क्लोजिंग. त्याच मशीनवर अपग्रेड केलं तर जुन्या विंडोजवर परतायची सोय फक्त १० दिवस असते, आणि ऑफिसचं चक्र महिन्याचं आहे. ही मुदत कमांडने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ते पहिल्या १० दिवसांतच करावं लागतं. ज्या दिवशी अपग्रेड त्याच दिवशी मुदत वाढवून टाका. आणि जुनी हार्ड डिस्क निदान एक तिमाही रिटर्न भरून होईपर्यंत पुसायची नाही. "जागा अडते" म्हणून डिस्क फॉरमॅट करणाऱ्यांना डेटाची किंमत ३० तारखेला कळते.

"रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" हे औषध नव्हे

जुनं सॉफ्टवेअर एरर देतं, यूट्यूबवर कुणीतरी सांगतं की शॉर्टकटवर राइट-क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटरची टिक मारा, आणि एरर जाते. घाईच्या माणसाला एवढं पुरतं. आत काय होतं ते बघा.

जुन्या ३२-बिट प्रोग्रामला आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची सवय असते. साध्या युजरला तिथे लिहायची परवानगी नाही. प्रोग्राम कोसळू नये म्हणून विंडोज व्हिस्टापासून एक आडवाट ठेवलेली आहे: असं लिखाण गुपचूप त्या युजरच्या ॲपडेटा-लोकलमधल्या व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरकडे वळवलं जातं. प्रोग्रामला वाटतं आपण प्रोग्राम फाइल्समध्येच लिहिलं. वाचतानाही युजरची ही प्रत आधी वाचली जाते. ॲडमिन म्हणून चालवलं की वळवणं बंद, आणि लिखाण थेट मूळ फाइलमध्ये जातं.

वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये याचा पूर्ण तमाशा झाला. स्टॉकचा व्हीबी प्रोग्राम, ॲक्सेसची एमडीबी (डेटाबेस) फाइल, एकच मशीन, पण सकाळी आणि दुपारी दोन वेगळे क्लार्क, दोन वेगळे लॉगिन. नवं मशीन आलं. व्हेंडरच्या मुलाने प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर जसाच्या तसा उचलून नव्या मशीनवर टाकला, ओसीएक्स फाइल्स (व्हीबी प्रोग्रामला लागणारे जोड-भाग) रजिस्टर केल्या, एरर आली तशी ॲडमिनची टिक मारली आणि निघून गेला. प्रोग्राम झकास उघडला, पण शिल्लक दाखवत होता काही वर्षांपूर्वीची. मूळ फाइलमध्ये इन्स्टॉलेशनच्या वेळेपुरताच डेटा होता. त्यानंतरचा सगळा दोन क्लार्कांच्या दोन व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वाटला गेलेला. म्हणजे तीन एमडीबी, आणि दोघांच्या फाइलमध्ये तेच चलान नंबर वेगवेगळ्या पार्ट्यांना दिलेले. जुनी डिस्क कपाटात पडून होती म्हणून डेटा हाती लागला. तरी फाइली एकत्र करायचं काम चलानबुकाच्या कार्बन कॉप्या समोर ठेवून हातानेच करावं लागलं.

हे टाळायचं कसं? जुनं मशीन बंद करण्याआधी प्रत्येक युजरचं व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघा, आणि त्यातल्या फाइलची तारीख मूळ फाइलच्या तारखेशी ताडून बघा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हा कॉलम चालू केला की कुठल्या प्रोग्रामचं लिखाण वळवलं जातंय ते दिसतं. नव्या मशीनवर डेटा प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवूच नका. सी किंवा डी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा आणि फक्त त्या फोल्डरवर 'यूजर्स' गटाला मॉडिफाय परवानगी द्या. प्रोग्रामला डेटाची जागा बदलता येत नसेल तर अख्खा प्रोग्रामच त्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा. सगळ्या सी ड्राइव्हवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देणारे महाभागही भेटतात. त्यांच्याकडून मशीनची किल्ली काढून घ्या. आणखी एक खाच: आधी काही दिवस चुकीचं चालवून मग परवानगी दिलीत, तरी व्हर्च्युअलस्टोअरमधली प्रत तशीच राहते आणि प्रोग्राम तीच वाचत बसतो. तिचं नाव बदला, मगच मूळ फाइल दिसेल.

ॲडमिनच्या टिकचा दुसरा ताप म्हणजे नेटवर्क ड्राइव्ह. साध्या लॉगिनमध्ये जोडलेला झेड ड्राइव्ह ॲडमिन म्हणून चाललेल्या प्रोग्रामला दिसत नाही. मग "सर्व्हर डाउन आहे" म्हणून फोन येतात. रजिस्ट्रीतल्या एनेबल-लिंक्ड-कनेक्शन्स या नोंदीने तो दिसायला लागतो, पण तिथवर जायची वेळच येऊ देऊ नये.

तारखेचा फॉरमॅट न बघणं

नवा लॅपटॉप डब्यातून निघतो तेव्हा बऱ्याचदा रीजन 'युनायटेड स्टेट्स' असतं. कुणी बघत नाही, कारण कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर असतं. व्हीबी ६ चा प्रोग्राम मात्र तारीख विंडोजला विचारून वाचतो. क्लार्क ०५/०४/२०२६ टाकतो, म्हणजे ५ एप्रिल. प्रोग्राम वाचतो ४ मे. १३/०४/२०२६ टाकलं तर तेरावा महिना नाही, म्हणून प्रोग्राम मुकाट्याने १३ एप्रिल धरतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांच्या नोंदी उलटतात आणि १३ पासून सगळं आलबेल. टेस्टिंग १८ तारखेला केलं तर सापडणारच नाही. एप्रिलमध्ये तर जास्तच मजा: २ एप्रिलची नोंद ४ फेब्रुवारी होते आणि मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते.

जुन्या मशीनवर रीजन उघडून शॉर्ट डेटचा फोटो काढा. नव्यावर 'इंग्लिश (इंडिया)' निवडा आणि शॉर्ट डेट फोटोशी जुळवा, मधली खूण आडवी आहे की तिरकी तेसुद्धा. मग ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये 'कॉपी सेटिंग्ज' दाबून वेलकम स्क्रीन आणि नवे युजर या दोन्हींवर टिक मारा, नाहीतर पुढचा नवा क्लार्क पुन्हा अमेरिकेतच लॉगिन करणार. त्याच टॅबवरच्या 'चेंज सिस्टिम लोकॅल'मध्ये युनिकोड यूटीएफ-८ ची बीटा टिक असते, तिला हात लावू नका. जुन्या नॉन-युनिकोड सॉफ्टवेअरची अक्षरं बिघडतात. टेस्टिंगला १२ किंवा त्याआधीची तारीख टाकायची, हा नियमच करून ठेवा.

वजनकाट्याची केबल

कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये किंवा एपीएमसीच्या आसपास वजनकाट्यावर हे हमखास होतं. इंडिकेटरमधून आरएस-२३२ ची (जुन्या सिरियल पोर्टची) केबल येते आणि ती यूएसबी कन्व्हर्टरने मशीनला जोडलेली असते. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये बऱ्याचदा प्रॉलिफिकची जुनी पीएल-२३०३ चिप किंवा तिची नक्कल असते. विंडोज ११ वर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी बोला, असा मजकूर स्वच्छ लिहून येतो, आणि तरीही लोक काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या घालतात. जुना ड्रायव्हर हाताने निवडायचा जुगाड चालतो, पण विंडोज अपडेट पुन्हा नवा ड्रायव्हर टाकतं आणि काट्यावर ट्रक उभा असताना वजन येणं थांबतं. एफटीडीआय या कंपनीच्या चिपची केबल घ्या आणि विषय संपवा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन जुन्या मशीनवर होता तोच कॉम (सिरियल पोर्टचा) नंबर द्या. व्हीबीमधून पोर्ट वाचणाऱ्या एमएसकॉम कंट्रोलला कॉम १६ च्या वरचे पोर्ट चालत नाहीत, आणि कित्येक सॉफ्टवेअरच्या यादीत तर चारच पोर्ट असतात. बॉड रेट, पॅरिटी (पोर्टचा वेग आणि तपासणीची सेटिंग) आधीच लिहून घ्या. यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढा.

बाकीचे, थोडक्यात

नवं ऑफिस आपोआप ६४-बिट बसतं. जुनं सॉफ्टवेअर ३२-बिट ॲक्सेस इंजिन वापरत असेल किंवा एक्सेलमध्ये जुने मॅक्रो असतील, तर सरळ ३२-बिट ऑफिस टाका; त्यात कमीपणा काही नाही. ओडीबीसीचे (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीचे) ॲडमिनिस्ट्रेटरही दोन असतात. ६४-बिटमध्ये बनवलेला डीएसएन (त्या जोडणीची नोंद) ३२-बिट प्रोग्रामला दिसत नाही.

इंटरनेट एक्सप्लोरर लागणाऱ्या जुन्या पोर्टलसाठी एजमध्ये आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड आहे आणि तो निदान २०२९ पर्यंत राहणार आहे. युजरने स्वतः जोडलेला पत्ता मात्र ३० दिवसांनी गळून पडतो. ग्रुप पॉलिसीतून साइट लिस्ट द्या.

विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटनंतर प्रो आवृत्तीत पासवर्डशिवायचा नेटवर्क फोल्डर उघडत नाही आणि एसएमबी (फाइल शेअरिंगची पद्धत) सायनिंग सक्तीचं आहे. जुना नॅस (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) आणि झेरॉक्स मशीनचं स्कॅन-टू-फोल्डर इथे अडतं. आधी फर्मवेअर अपडेट करा, पासवर्ड असलेला युजर बनवा. यासाठी जुनी एसएमबी १ पद्धत चालू करणं म्हणजे शुद्ध आळस.

सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा यूएसबी डोंगल ओळखला नाही की लोक मेमरी इंटेग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय) बंद करतात. आधी डोंगलचा नवा ड्रायव्हर मागा.

जुन्या प्रोग्रामना लागणारं डॉटनेट ३.५ आपोआप येत नाही. इंटरनेट अडवलेलं असेल तर त्याच आवृत्तीच्या विंडोजच्या आयएसओमधल्या (इन्स्टॉलेशन फाइलमधल्या) सोर्सेस फोल्डरमधून टाका.

डॉट मॅट्रिक्सवर छापील बिलाचा मजकूर सरकला तर प्रिंटरला दोष देऊ नका. कागदाचा खास साइज जुन्या मशीनच्या प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये फॉर्म म्हणून बनवलेला होता. तोच, त्याच नावाने, नव्यावर बनवा.

श्री-लिपीसारखे जुने मराठी फॉन्ट डबल-क्लिकने टाकले की त्या एका युजरपुरतेच बसतात. राइट-क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स'.

डिजिटल सहीचं टोकन रिमोट डेस्कटॉपवरून तपासू नका. दूरच्या मशीनला लावलेलं टोकन रिमोट सेशनमध्ये दिसतच नाही, आणि चांगलं टोकन खराब ठरवून बदललं जातं.

टॅलीचं लायसन्स जुनं मशीन फॉरमॅट करण्याआधी सरेंडर करायचं. नंतर नव्हे.

राहता राहिला डॉसमधला फॉक्सप्रो, म्हणजे त्या जुन्या डेटाबेसवर लिहिलेला प्रोग्राम. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं आणि त्यात १६-बिट प्रोग्राम कुठल्याही कम्पॅटिबिलिटी टिकने चालत नाही. टिकांशी खेळत दुपार घालवू नका. ३२-बिट विंडोज १० वरून थेट अपग्रेडही होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं. कधी कधी प्रोग्राम ३२-बिट असतो आणि फक्त त्याचा सेटअप १६-बिट असतो, तेव्हा इन्स्टॉल झालेला फोल्डर आणि ओसीएक्स हाताने आणून काम भागतं. खरोखर डॉसचाच असेल तर व्हीडॉससारखा एम्युलेटर (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) बघा, आणि दोन मशीनवरून एकच रेकॉर्ड उघडून लॉक लागतो का ते आधी तपासा. नाहीतर प्रो आवृत्तीतल्या हायपर-व्हीमध्ये (व्हर्च्युअल मशीनच्या सोयीत) ३२-बिट विंडोज १० ठेवा, त्याचं इंटरनेट तोडा, फक्त प्रिंटरपर्यंतचं अंतर्गत नेटवर्क चालू ठेवा, आणि त्या व्हर्च्युअल मशीनची फाइल रोजच्या बॅकअपमध्ये घाला.